वाचकांचे प्रश्न : नेदरलँड्सची शहरे पाहताना

उन्हाळी सुटीतील परदेशप्रवासाविषयी आलेल्या पत्रांपैकी नेदरलँड्ससंबंधीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांच्या पत्रात एकट्या ॲम्स्टरडॅमचेच नाव आहे. उत्तरे मात्र मुद्दाम त्या शहराच्या वेशीबाहेर जातात.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. मुलगा आइंडहोव्हनला नोकरीस आहे, पण शनिवार-रविवार सोडून त्याला सवड नाही. सहल कंपन्यांच्या युरोप दौऱ्यात ॲम्स्टरडॅमला दीड दिवस असतो. आमच्याकडे आठवडा आहे. मुक्काम कोठे करावा आणि काय पाहावे? — वाचक, सांगली

उत्तर : दीड दिवसात कालव्यांतून तासाभराची बोट, एखादे संग्रहालय आणि थोडी खरेदी एवढेच होते. आपल्याकडे आठवडा असल्याने ती घाई आपण टाळू शकता. हा देश आकाराने महाराष्ट्राच्या साधारण एक सप्तमांश आहे आणि त्याच्या पश्चिम भागातील ॲम्स्टरडॅम, हार्लेम, लायडन, द हेग, डेल्फ्ट, रॉटरडॅम आणि युट्रेक्ट ही शहरे एकमेकांपासून रेल्वेने फार तर तासाभराच्या अंतरावर आहेत. त्यामुळे दर दोन दिवसांनी हॉटेल बदलून सामान ओढत हिंडण्याचे काहीच कारण नाही. एका शहरात खोली घ्यावी, सकाळी तेथून निघावे आणि संध्याकाळी तेथेच परतावे.

आपल्यासाठी ते शहर युट्रेक्ट असावे, असे मी सुचवेन. ते देशाच्या मध्यावर असून रेल्वेचे सर्वांत मोठे जंक्शन आहे. तेथून ॲम्स्टरडॅमला जाण्यास अर्धा तास लागतो, रॉटरडॅम आणि द हेगला सुमारे चाळीस मिनिटे लागतात आणि आइंडहोव्हनला, म्हणजे चिरंजिवांकडे, पाऊण तासाच्या थोड्या वर. ॲम्स्टरडॅममधील खोल्या एरवीही महाग आहेत. त्यातच तेथील महापालिका २०२४ पासून खोलीभाड्यावर साडेबारा टक्के पर्यटनकर घेते. हॉटेलच्या संकेतस्थळावर प्रथम दिसणाऱ्या दरात हा कर पुष्कळदा धरलेला नसतो, हे खोल्यांची तुलना करताना ध्यानात ठेवावे.

युट्रेक्ट हे नुसते झोपण्यापुरते ठिकाण मात्र नाही. तेथील जुन्या कालव्याचा काठ दोन मजली आहे. वर रस्ता आणि घरे आहेत, तर खाली पाण्यालगत धक्का आणि त्या घरांची तळघरे आहेत. मध्ययुगात बोटीतून उतरलेला माल थेट या तळघरांत जाई. आज तेथे उपाहारगृहे आहेत. शहराचा डोम मनोरा सुमारे ११२ मीटर उंच असून देशातील सर्वांत उंच चर्चमनोरा आहे. गंमत अशी की तो चर्चपासून सुटा उभा आहे, कारण १६७४ च्या वादळात मधला भाग कोसळला आणि तो पुन्हा कधी बांधला गेला नाही. मनोरा आणि उरलेले चर्च यांच्या मधल्या चौकातून आज लोक ये-जा करतात.

एक दिवस द हेग आणि डेल्फ्टला द्यावा, आणि तोही याच क्रमाने. द हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात डच चित्रकार व्हर्मीरचे मोत्याचे डूल घातलेल्या मुलीचे सुप्रसिद्ध चित्र आहे, आणि त्याच दालनात त्याने रंगवलेले डेल्फ्ट शहराचे दृश्यही आहे. ते पाहून बाहेर पडावे, एक क्रमांकाची ट्राम पकडावी आणि दुपारी प्रत्यक्ष डेल्फ्टला उतरावे. चित्रातील नव्या चर्चचा मनोरा आजही शहरावर उभा आहे. स्पेनविरुद्धच्या डच लढ्याचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याचा १५८४ मध्ये याच शहरात खून झाला, आणि त्याची समाधी त्या चर्चमध्ये आहे. व्हर्मीर स्वतः जुन्या चर्चमध्ये विसावला आहे. सोमवारी हा बेत आखू नये, कारण माउरित्सहाउस त्या दिवशी दुपारी उघडते, आणि लहान शहरांतील पुष्कळशी संग्रहालये व दुकाने सोमवारी बंद असतात किंवा उशिरा उघडतात.

रॉटरडॅमविषयी आपल्याकडील सहलीच्या पत्रकांत फारसे काही नसते, हे मला नेहमी खटकते. १४ मे १९४० रोजी जर्मन बॉम्बफेकीत या शहराचा मध्यभाग जळून गेला, आणि युद्धानंतर जुने पुन्हा तसेच उभारण्याऐवजी या लोकांनी नवे शहर बांधले. ब्लाक स्थानकातून बाहेर पडताच कोनावर तोललेली पिवळी घनाकृती घरे दिसतात, आणि समोर २०१४ मध्ये उघडलेला बाजार आहे, ज्याच्या प्रचंड कमानीच्या आतील बाजूवर फळाफुलांची चित्रे आहेत आणि कमानीच्या जाडीत लोकांची घरे आहेत. तेथून वॉटरबसने किंडरडाइकला जाता येते. अठराव्या शतकातील १९ पवनचक्क्यांचा हा समूह १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. या चक्क्या पीठ दळण्यासाठी नव्हत्या. समुद्रसपाटीखालच्या जमिनीत साचणारे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून नदीत टाकणे हे त्यांचे काम होते, आणि तेच काम आज पंप करतात. हा देश उभा कसा राहिला, हे समजण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

ॲम्स्टरडॅमला दोन दिवस, हार्लेम किंवा लायडनला एक दिवस आणि उरलेला शनिवार-रविवार मुलाबरोबर घालवावा. आइंडहोव्हनलगतच्या न्युनन या गावी व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८८३ ते १८८५ राहत होता, आणि बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे त्याचे चित्र तेथलेच आहे. मुलाला सायकलींची सोय करायला सांगावे. खीटहोर्न या 'बिनरस्त्यांच्या गावा'ची जाहिरात आपण पाहिली असेल. गाव सुंदर आहे, परंतु जाण्यायेण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो आणि दुपारी अरुंद कालव्यात बोटींची कोंडी होते. तेथे रात्री मुक्काम करणार नसाल, तर ते सोडून द्यावे.

प्रश्न : मुलीची परीक्षा एप्रिलच्या मध्यावर संपते. ट्युलिपची फुले तेव्हा मिळतील का? — वाचक, पुणे

उत्तर : मिळतील. किंबहुना एप्रिलचा उत्तरार्ध हाच साधारणपणे बहराचा काळ असतो. लिस येथील कॉयकेनहोफ ही बाग वर्षातून सुमारे आठच आठवडे, मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत उघडी असते. तिकीट ऑनलाइन, तारीख आणि वेळ निवडून काढावे लागते. शनिवार-रविवार टाळून सकाळी पहिल्या वेळेचे घ्यावे. स्किपोल विमानतळावरून आणि लायडनहून हंगामात थेट बस असतात.

बाग आणि शेते यांत फरक आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. बागेतील फुले पाहुण्यांसाठी लावलेली असतात; भोवतालच्या शेतांतील पीक फुलांसाठी नसून जमिनीखालच्या कंदांसाठी असते. फूल उमलले, रोग किंवा भेसळ नाही याची खात्री झाली, की शेतकरी यंत्राने फुले खुडून टाकतात, म्हणजे झाडाची ताकद कंदात उतरते. त्यामुळे आज लाल-पिवळ्या पट्ट्यांनी भरलेले शेत चार दिवसांनी नुसते हिरवे दिसते. अमुक तारखेला अमुक शेत पाहायचे, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. छायाचित्रासाठी वाफ्यांत शिरू नये. ते कोणाचे तरी उभे पीक असते, आणि बुटांबरोबर रोगही एका शेतातून दुसऱ्यात जातो.

२७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो, आणि तो रविवारी आला तर आदल्या दिवशी साजरा होतो. त्या दिवशी सारा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर उतरतो, घरातील जुन्या वस्तू पदपथावर मांडून विकतो, आणि ॲम्स्टरडॅमच्या मध्यभागी पाय ठेवायला जागा राहत नाही. मुलीला ही मौज दाखवायची असेल तर युट्रेक्टसारखे शहर निवडावे. तेथील जुन्या वस्तूंचा बाजार आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. एप्रिलमध्ये ऊन, पाऊस आणि बोचरा वारा एकाच दिवसात अनुभवास येतात. तेथील वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. टोपीचा रेनकोट न्यावा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. दहा दिवस ब्रेडवर काढावे लागतील का? — वाचक, ठाणे

उत्तर : नाही, पण कोठे काय मागवायचे हे माहीत हवे. डच लोकांची स्वतःची दुपारची शिदोरी पाव आणि चीजचीच असते, त्यामुळे चीजपासून सुरुवात करतो. पारंपरिक गाउडा चीज करताना दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात. ज्यांना ते चालत नाही, त्यांनी वेष्टनावर शाकाहारी विरजण असल्याचा उल्लेख पाहूनच घ्यावे, किंवा दुकानदारास स्पष्ट विचारावे. इंग्रजी तेथे जवळजवळ सर्वांना येते आणि अशा प्रश्नाचे कोणाला नवल वाटत नाही. हिवाळ्यातील वाटाण्याच्या दाट सूपमध्ये डुकराचे मांस असते. पॅनकेक आणि पोफर्चेस या छोट्या गोड टिकियांच्या पिठात बहुधा अंडे असते. तळलेल्या बटाट्याच्या सळ्या बहुतेक ठिकाणी वनस्पती तेलात होतात, मात्र 'बेल्जियन पद्धतीच्या' म्हणून मिरवणाऱ्या काही दुकानांत त्या गोवंशाच्या चरबीत तळतात. तेथे विचारूनच घ्याव्यात. मोठ्या शहरांत फलाफल, म्हणजे चण्याचे तळलेले वडे, सर्वत्र मिळते.

आपल्याला खरा आधार सुरिनामी उपाहारगृहांचा होईल. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम ही डचांची वसाहत होती. १८७३ पासून उत्तर प्रदेश आणि बिहारकडील हजारो मजुरांना कलकत्त्याच्या बंदरातून करारावर तेथील मळ्यांत नेण्यात आले, आणि १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाले त्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळजण नेदरलँड्समध्ये, विशेषतः द हेगमध्ये, येऊन स्थायिक झाले. त्यांच्या खानावळीत 'रोती' मागवली, की मोठी मऊ पोळी, बटाट्याची रस्साभाजी आणि चवळीच्या लांब शेंगांची भाजी असे ताट येते. त्यात कोंबडी आणि उकडलेले अंडे गृहीत धरलेले असते, म्हणून मागवतानाच दोन्ही नको असे सांगावे. उडदाच्या डाळीचा 'बारा' हा आपल्या वड्याचा चुलतभाऊ असून तो चटणीबरोबर देतात. द हेगचा मोठा बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो; तेथे भेंडी, कारली आणि वांगी पाहून स्वयंपाकघर असलेली खोली घेतल्याचे समाधान वाटेल.

इंडोनेशियन खानावळीही पुष्कळ आहेत. त्यांतील टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि शेंगदाण्याच्या रसातील भाज्या चवदार असतात, परंतु वाटणात सुक्या कोळंबीचा गोळा घालण्याची त्यांची पद्धत आहे, हे विसरू नये. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर मात्र स्वतः रांधणे हाच खात्रीचा मार्ग आहे. आणखी एक सूचना मुलांबरोबर जाणाऱ्यांसाठी : 'कॉफीशॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात गांजा विकतात, चहा-कॉफीसाठी 'कॅफे'त जावे.

प्रश्न : रेल्वे आणि ट्रामची तिकिटे आधी काढावी लागतात का? रोख किती न्यावी? — वाचक, नागपूर

उत्तर : देशांतर्गत गाड्यांना आरक्षण नसते आणि साधे भाडे आधी काढले म्हणून कमी होत नाही. रेल्वे, मेट्रो, ट्राम, बस या सर्वांत आपले स्पर्शविरहित बँक कार्ड यंत्राला लावून प्रवास सुरू करता येतो आणि उतरल्यावर तेच कार्ड पुन्हा लावून तो संपवायचा असतो. चुका येथेच होतात. उतरताना कार्ड लावण्यास विसरल्यास अंतर कितीही असो, मोठी ठोक रक्कम कापली जाते. प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र कार्ड लागते. पती-पत्नींना एका कार्डावर जाता येत नाही. चढताना फोन आणि उतरताना प्लास्टिकचे कार्ड असे केल्यास यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात, जरी दोन्हींमागे खाते एकच असले तरी. मध्येच दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या गाडीत बदलायचे असेल, तर पहिलीचा प्रवास यंत्रावर संपवून दुसरीचा सुरू करावा लागतो. चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी मोठ्यांबरोबर प्रवास करताना अगदी अल्प दराचे वेगळे तिकीट मिळते. त्यांना कार्ड देऊ नये, पूर्ण भाडे जाईल.

निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातील वापर आणि स्पर्शविरहित व्यवहार हे दोन्ही पर्याय सुरू करावेत, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड आपल्या हाती येते तेव्हा ते बंद असतात. व्हिसा किंवा मास्टरकार्डची दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे असावीत. रोख फार नेऊ नये. बसमध्ये आणि अनेक दुकानांत ती घेतच नाहीत. बाजार आणि सार्वजनिक स्वच्छतागृह यांपुरती थोडी नाणी पुरतात.

प्रश्न : आईला गुडघेदुखी आहे. तिला नेणे शक्य आहे का? — वाचक, नाशिक

उत्तर : जमीन सपाट असल्याने रस्त्यावर त्रास कमी होतो, अडचण घरांत आहे. कालव्याकाठची जुनी घरे अरुंद आणि उंच असून त्यांचे जिने शिडीइतके उभे असतात. त्या घरांत थाटलेल्या हॉटेलांत लिफ्ट असेलच असे नाही, आणि संकेतस्थळावरील छायाचित्रात जिना कधी दाखवत नाहीत. खोली घेण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे, किंवा स्थानकाजवळचे नवे, साधे हॉटेल घ्यावे. युट्रेक्टच्या डोम मनोऱ्याला ४६५ पायऱ्या आहेत. तो आईंसाठी नाही. ॲम्स्टरडॅमच्या रिक्समुसेउमसारख्या मोठ्या संग्रहालयांत लिफ्ट आहेत, कालव्यातील बोटीत बसून शहर पाहता येते, आणि किंडरडाइकची वाट पूर्ण सपाट आहे.

प्रश्न : ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे कधीही पाहिली तरी संपलेली दिसतात. दलालाकडून घ्यावीत का? — वाचक, कोल्हापूर

उत्तर : घेऊ नयेत. तिकिटे केवळ त्या संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. दर मंगळवारी सकाळी, तेथील दहा वाजता, सहा आठवड्यांनंतरच्या भेटींची तिकिटे खुली होतात आणि झपाट्याने संपतात. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात. प्रवासाच्या तारखेपासून सहा आठवडे मागे मोजून त्या मंगळवारी संगणकासमोर बसावे. व्हॅन गॉग संग्रहालयालाही वेळ ठरवूनच जावे लागते, पण तेथे इतकी ओढाताण नसते.

प्रश्न : ॲम्स्टरडॅममध्ये सायकल भाड्याने घेऊन फिरण्याची इच्छा आहे. — वाचक, औरंगाबाद

उत्तर : इच्छा चांगली आहे, शहर चुकीचे आहे. ॲम्स्टरडॅमच्या मध्यभागी कामावर निघालेले स्थानिक लोक वेगात जात असतात, आणि रस्त्यात मध्येच थांबून फोन पाहणाऱ्या पाहुण्याविषयी त्यांना मुळीच सहानुभूती नसते. हार्लेमहून समुद्रकिनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांकडे, किंवा डेल्फ्टहून द हेगकडे सायकलने जावे. पुष्कळ भाड्याच्या सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पायडल उलट फिरवून थांबावे लागते. आधी मोकळ्या जागी सराव करावा. ट्रामचे रूळ काटकोनात ओलांडावेत, नाहीतर चाक अडकते. अंधारात पुढचा-मागचा दिवा बंधनकारक आहे, आणि चालवताना फोन हातात धरल्यास दंड होतो. पायी चालणाऱ्यांनीही तांबड्या रंगाच्या पट्ट्यावर उभे राहू नये. तो सायकलींचा रस्ता आहे.

प्रश्न : आमच्या गावात डच वखारीचे अवशेष आहेत. त्या इतिहासाशी संबंधित असे तेथे काय पाहता येईल? — वाचक, वेंगुर्ले

उत्तर : पुष्कळ काही. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची सहा शाखा-कार्यालये होती : ॲम्स्टरडॅम, मिडलबुर्ख, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एंकहाउझन. यांपैकी होर्न आणि एंकहाउझन ही बंदरे ॲम्स्टरडॅमहून रेल्वेने एका दिवसात सहज होतात, आणि व्यापार ओसरल्यामुळेच त्यांची जुनी घडण बरीचशी टिकली आहे. ॲम्स्टरडॅमच्या नौकानयन संग्रहालयाची इमारत १६५६ मधील आरमारी कोठार आहे, आणि धक्क्यावर कंपनीच्या अठराव्या शतकातील एका जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी आहे. तिच्या खालच्या मजल्यावर वाकूनच चालावे लागते. या उंचीत माणसे महिनोन्‌महिने कशी राहत असतील, याची कल्पना तेथे येते. रिक्समुसेउममध्ये बंगालमधील हुगळीच्या डच वखारीचे १६६५ मधील मोठे तैलचित्र आहे. वेंगुर्ल्याच्या पडक्या भिंती पाहणाऱ्याने ते अवश्य पाहावे, कारण आवार, तटबंदी आणि कोठारे यांची मांडणी त्यात स्पष्ट दिसते.

याच संग्रहालयाकडे सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्यात तयार झालेला, भारतीय सत्ताधीशांच्या लघुचित्रांचा एक संच आहे. ॲम्स्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सन याच्या संग्रहातील या चित्रांत शिवाजी महाराजांचेही चित्र आहे. कागदावरील चित्रे प्रकाशाने खराब होतात, म्हणून ती कायम मांडलेली नसतात. केवळ त्यासाठी तिकीट काढून जाऊ नये. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते चित्र पाहता येते.

वेंगुर्ल्याची वखार १६३७ ची, आणि तेथील डचांनी लिहिलेल्या पत्रांचा शिवकालाच्या इतिहासलेखनात उपयोग झालेला आहे. कंपनीचे दप्तर द हेगच्या मध्यवर्ती स्थानकाला लागूनच असलेल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. वाचनालयात बसून कागद पाहायचे असतील तर आधी नोंदणी करावी आणि हवा तो दप्तर क्रमांक जाण्यापूर्वीच शोधून ठेवावा. सतराव्या शतकातील डच अक्षर वाचणे आजच्या डच माणसालाही जड जाते, हे गृहीत धरावे. दप्तराचा मोठा भाग आता ऑनलाइन उपलब्ध आहे, तेव्हा सुरुवात वेंगुर्ल्यातूनच करता येईल.